ब्रेक न लावणारे चाचा

प्रवासाला निघताना पायातले बूट काढून दुकानात ठेवायला लावणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. "पायात एवढं वजन कशाला, मास्तर? गाडीत काय चालायचं हाय व्हय?" असं चाचा म्हणाले आणि मला ते पटलं. त्या वयात मला काहीही पटायचं. पुढं पारगावजवळ भीमेचा चढ आला, तेव्हा गाडी हलकी व्हावी म्हणून चाचांनी मला चालत्या गाडीतून खाली उतरवलं. तो सगळा चढ मी अनवाणी चढलो. वर पोचलो तर चाचा बोनेटला टेकून बिडी ओढत उभे. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "बूट कुठंयत?"

"तुम्हीच काढायला लावलेत ना!"

"ते बसायचं आसल तर. चालायचं आसल तर बूट पायजेतच की."

साठ सालच्या आगेमागे मी दौंडला एका शेठच्या दुकानात नोकरीला होतो. शेठ विहिरीवर बसवायची डिझेल इंजिनं आणि पंप विकायचे. त्या काळी आमच्याकडं शेतकरी मोटेवर पाणी काढायचा. इंजिन त्याच्या डोळ्यांसमोर धडधडल्याशिवाय आणि पाइपातून पाणी उडाल्याशिवाय त्याचा विश्वास बसायचा नाही. म्हणून एक इंजिन आणि पंप ट्रेलरवर चढवून, तो ट्रेलर गाडीमागं जोडून आम्ही दौंड आणि शिरूर तालुक्यांतली गावं हिंडायचो. गावात गेलं की विहिरीवर इंजिन उतरवून मी भाषण करायचो. इंटर सायन्सला मी दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा तिथंच बसून राहिलो होतो, त्यामुळं शास्त्राची मला अजून गोडी होती. भाषण करतो म्हणून मी 'मास्तर'. गाडी चालवायचे ते चाचा.

चाचा मूळचे रेल्वेतले. सारी हयात त्यांनी कोळशाच्या इंजिनावर मालगाडी ओढली आणि दौंडातच निवृत्त झाले. उंच, वाळकी काठी, पांढरी दाढी, गळ्यात चौकड्यांचा रुमाल आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगात निळा कोट. गाडीला समोर काच होती, पण चाचा कधी काचेतून बघायचे नाहीत. इंजिनाच्या कठड्यातून डोकं बाहेर काढून रूळ बघायची सवय, तेव्हा इथंही डोकं कायम खिडकीबाहेर. समोरून येणाऱ्याला वाटायचं की गाडी कुणी चालवतच नाहीये, एक म्हातारा तेवढा बाजूला लटकलाय.

गाडी लष्करातली, लढाईनंतर लिलावात निघालेली. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून शेठनी डिझेलचं बसवलं होतं. ट्रेलरला चाचा 'वॅगन' म्हणत आणि तो जोडायच्या कडीला 'कपलिंग'. वॅगन जोडली की गाडी डिझेल जास्त पिणार, एवढं कुणालाही कळतं. पण ते जास्त म्हणजे किती, हे वॅगन ठरवत नाही, डायवर ठरवतो, असा चाचांचा धर्म होता. दोन डायवर तीच गाडी तेवढाच माल तेवढ्याच घाटातून नेतात. एकाचा कोळसा वर पोचल्यावर उरतो, दुसऱ्याचा घाटातच संपतो. पहिला डायवर, दुसरा नुसती भट्टी पेटवणारा भटारी. उरलेल्या जगाची वर्गवारी चाचांनी कधी केली नाही.

ब्रेकचा त्यांना मनापासून तिटकारा. "आधी डिझेल जाळून गाडी पळवायची आन् मग ब्रेक दाबून ते पळनं फेकून द्यायचं? ताट वाढून घ्यायचं आन् उकिरड्यावर वतायचं, तसलं काम हाय हे." पाटसचा बाजार लांबून दिसला की ते पाय उचलत आणि गाडी आपल्या ओघानं सरकत सरकत बाजारात शिरे. मधे कुणी आलं तर भोंगा. भोंग्याला डिझेल लागत नाही, त्यामुळं तो चाचा हात राखून वाजवत नसत. पाटसच्या शेळ्यांना आमची गाडी ओळखू यायची. माणसांना जरा उशिरा आली.

गाडी मागं घेणं हे त्यांच्या लेखी दुसरं पाप. "मागं जायला जाळायचं आन् परत तेवढंच पुढं यायला जाळायचं. मिळालं काय? हुतो तिथंच!" म्हणून ते गाडी कायम तोंड बाहेर करून उभी करत. एकदा केडगावच्या बाजारात ते चहा प्यायला गेले असताना मी म्हटलं, आपण गाडी मागं घेऊन दाखवू, म्हातारा थक्क होईल. आता ज्यानं ट्रेलर कधी मागं घेतलेला नाही त्याला सांगतो, चाक डावीकडं वळवलं की ट्रेलर उजवीकडं जातो. हे पुस्तकात मी वाचलं होतं, पण पुस्तक दौंडात होतं. ट्रेलर सरळ झाडाखालच्या न्हाव्याच्या दुकानात घुसला. आरसा गेला. पाटावर बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं पळालं आणि बाजारभर माझ्या नावानं ओरडत फिरलं. चाचा चहाची बशी हातात घेऊनच आले. त्यांनी आरशाकडं बघितलं नाही, न्हाव्याकडं बघितलं नाही. रेडिएटरवर हात ठेवला आणि दुःखानं म्हणाले, "किती वेळ चालू हुती?"

वाऱ्याची त्यांना फार जाण. ताडपत्री सैल राहिली की ती वाऱ्यानं फुगते, आणि फुगलेली ताडपत्री ओढणं म्हणजे आणखी एक वॅगन ओढणं, असं म्हणून ते दोरी इतकी करकचून बांधत की सोडायला गावातली माणसं लागत. समोरून वारं सुटलं की गाडी कडुनिंबाखाली उभी. "पडू द्या वारं." मी म्हणायचो, "चाचा, लोक वाट बघत असतील." ते म्हणायचे, "वाट बघायला डिझेल लागत न्हाई." त्यांचे काही सिद्धांत मात्र मला कधीच झेपले नाहीत. डायवरशी बोललं की गाडी जास्त पिते, हा एक. आणि जेवून लगेच गाडीत बसू नये, भरल्या पोटाचा माणूस वजनाला दुप्पट भरतो, हा दुसरा. दुसऱ्याबद्दल मी त्यांना पुस्तक काढून दाखवलं. त्यांनी पुस्तक हातावर तोललं आणि म्हणाले, "हे बी उद्यापासून घरी ठिवा."

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस चिक्कू असणार. त्यांच्या घरी जाऊन बघायला पाहिजे होतं. रेल्वेच्या हद्दीबाहेर दोन खोल्यांचं घर. दुपारी गेलो तरी जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत आणि खिचडीवर तूप वाढताना चाचांचा हात मागं यायचाच नाही. चाची दारामागून म्हणायच्या, "भाई, ह्यांची सगळी काटकसर त्या गाडीला. घरात आले की नवाब."

चाचींनीच मला एकदा सांगितलं होतं. निवृत्तीनंतर, ही नोकरी लागायच्या आधी, चाचा दिवसभर खिडकीपाशी बाजेवर बसून असायचे. मालगाडी सुटायची शिट्टी झाली की उभे राहायचे. ती लांब गेली की बसायचे. पुढं पुढं बसेनासे झाले, नुसते पडून राहायला लागले. चूल पेटली की तेवढे उठून धुराचा रंग बघून जायचे. "गाडी मिळाली आणि माणूस उठला," चाची म्हणाल्या. "नाहीतर मी आशा सोडली होती."

आता आबांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. त्यांच्यामुळं आणि माझ्या हुशारीमुळं.

आबा शिरूर तालुक्यातले, न्हावऱ्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. बरी जमीन, दोन भावांची मिळून चार बैलं, डोक्याला मोठा पटका, गावच्या राजकारणात वजन. ह्या आबांचा आम्हाला वरचेवर निरोप यायचा, "प्रात्यक्षिक दावा." आम्ही जायचो. मी भाषण ठोकायचो, इंजिन धडधडायचं, पाटानं पाणी पळायचं. आबा बांधावर तंबाखू मळत बसायचे. इंजिन बंद केलं की उठून म्हणायचे, "पानी पडतंय खरं. पर मास्तर, मनाला आजून पटलं न्हाई."

मी खचून जायचो. पुढच्या खेपेला भाषणात नवा मजकूर घालायचो. एकदा तर इंजिनाच्या पोटाचं रंगीत चित्र काढून नेलं. आबांनी ते लांबून बघितलं, जवळून बघितलं, उलटं धरून बघितलं आणि म्हणाले, "चित्र झ्याक हाय. आजून एक डाव दावा."

एकदा परतताना चाचांनी, खिडकीबाहेर डोकं तसंच ठेवून, विचारलं, "मास्तर, मागल्या खेपेला पानी कुठल्या वावरात सोडलं हुतं?"

"वरच्या."

"आन् त्याच्या आदी?"

"विहिरीपलीकडच्या."

"आन् आज खालच्या. म्हंजी समदा कांदा भिजला. आता पंधरा दिस निरोप येत न्हाई बगा."

मला तेव्हा उजेड पडला. आबांना पटत नव्हतं असं नाही. पटलं तर फुकटचं पाणी बंद होणार होतं! मी तावातावानं म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"ते डिझेल रानात गेलं. कांदा उगवंल त्याचा. माझं भांडन ब्रेकाशी हाय."

पण शेठचं भांडण तेवढ्यावर थांबणारं नव्हतं. डिझेल जातंय आणि इंजिनं खपत नाहीत, हे त्यांना दिसत होतं. एका सकाळी ते गादीवरून म्हणाले, "ही गाडी आता मी विकून टाकतो. मास्तर एस.टी.नं जातील, इंजिनाचं चित्र दाखवतील. चाचा, तुमचंही वय झालं. घरी बसा, आराम करा."

चाचा दारात उभे होते. 'आराम' म्हटल्यावर त्यांनी गळ्यातला रुमाल काढून घट्ट पिळला. मला ती बाज आठवली, खिडकीपाशी टाकलेली.

मग ते पुढं आले. "शेठ, एक खेप द्या. हितनं आबांच्या वस्तीवर आन् परत. तुम्ही घालाल तेवढंच डिझेल. टाकीला सील ठोका. त्यात वॅगन घिऊन परत आलो तर गाडी राहिली. न्हाई आलो तर किल्ली तुमच्या पायाशी ठिवतो आन् घरला जातो."

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी सहज अपुरं पडेल एवढं डिझेल मापून टाकीत घातलं आणि मालधक्क्यावरून तार आणि शिसं आणून, मालगाडीच्या डब्याला लावतात तसं सील टाकीच्या झाकणाला ठोकलं. शिवाय साक्षीदार म्हणून आपले मेहुणे बरोबर दिले. मेहुणे स्वभावानं गरीब, पण देहानं दीड माणूस. चाचांनी त्यांना वरून खाली निरखलं आणि शेठना हळूच विचारलं, "ह्याच्यापेक्षा बारीक साक्षीदार न्हाई मिळायचा?"

आदल्या संध्याकाळी चाचांनी मला एकच काम सांगितलं, वॅगन हलकी करायची. मी असा कामाला लागलो की विचारू नका. जादा फळ्या काढल्या. साखळदंड काढला. बादली, घमेलं, माझी चित्रं, मला बसायचा पाट, सगळं काढलं. कोपऱ्यात एक जड पत्र्याचा डबा होता, तोही काढून दुकानाच्या मागं नेऊन ठेवला. सकाळी चाचांनी टायरवर बोटाचं पेर मारून आवाज ऐकला, वॅगनचं नाक उचलून बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास मास्तर! लई हलकी केलीत." त्या शाबासकीवर मी पाटसपर्यंत पोचलो.

चाचांना त्या दिवशी बघायला हवं होतं. थंडीची पहाट, वारं पडलेलं. पाटस गेलं, चौफुल्याला वळलो, केडगाव गेलं. उतारावर इंजिन बंद, गाडी आपली घरंगळतेय, चाचांची दाढी खिडकीबाहेर उडतेय. गुऱ्हाळाकडं चाललेल्या उसाच्या गाड्या भोंगा ऐकून आधीच बाजूला होत होत्या. भीमेपलीकडचा चढ आला तसे चाचा ओरडले, "मेहुणेसाहेब, उतरा!"

"अहो, मी साक्षीदार आहे!"

"साक्षीदारानं गाडीकडं बगायचं आस्तं. ते मागनं चालत जास्त झ्याक दिसतं."

मेहुणे उतरले. ह्या वेळी माझ्या पायात बूट होते. आम्ही दोघं धापा टाकत वर गेलो, तर चाचांनी धुराड्यापाशी वाकून धूर बघितलेला, आणि चेहरा असा की पोरीचं लग्न ठरलंय. "उरतंय," ते म्हणाले. "परत जाऊन वर उरतंय!"

आबांच्या वस्तीवर पोचलो तर सगळं गाव गोळा झालेलं. आबांनी आमच्या भरवशावर मोठा बेत केला होता. पहाटेपासून बाया वावरात कांद्याचं रोप लावत होत्या. कांद्याचं रोप उपटून लावलं की त्याला लगोलग पाणी पाहिजे, नाहीतर ते जळतं. आणि विहिरीवर आमचा पाइप सोडता यावा म्हणून आबांनी मोट उतरवून, चाकं-दोर सोडून बाजूला ठेवली होती.

इंजिन उतरवलं. मी भाषण केलं, आणि चांगलं केलं. शेवटी "आता पाहा!" असं म्हणून हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. परत मारलं. चाचांनी झाकण उघडून आत बघितलं. कोरडं.

"डिझेल वता की. डबा कुठाय?"

मी वॅगनकडं बघितलं. वॅगन फारच हलकी होती.

"चाचा," मी म्हणालो, "वजन कमी करायचं म्हणून..."

चाचांनी इंजिनाचं झाकण लावून टाकलं. आबा बोलले. "आज काय बिनडिझेलाचं प्रात्यक्षिक हाय जनू? ते आमास्नी लगीच पटंल!" गाव हसलं. आबाही हसले, पण हसता हसता त्यांची नजर वावराकडं गेली आणि हसू मावळलं. एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहत म्हणाली, "आबा, रोपं माना टाकाया लागली की वं."

"मोट चढवा की," कुणीतरी म्हणालं.

"नाडा काडलाय, समदं सोडून ठिवलंय. चढवंस्तवर सांज हुईल," आबा म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता.

मी म्हणालो, "कुणाची तरी सायकल द्या, मी शिरूरहून डिझेल घेऊन येतो." चाचांनी सूर्याकडं बघितलं, रोपांकडं बघितलं आणि मान हलवली. मग ते गाडीपाशी गेले. टाकीच्या झाकणावरच्या शिशाच्या सीलवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

मी जवळ गेलो. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, सारा जनम मालगाडी वढली. सील तुटलेली वॅगन मी एकदाबी पोचवली न्हाई."

आणि मोठ्यानं हाक मारली, "मेहुणेसाहेब! हिकडं या. नीट बगून घ्या. सील मी तोडतोय. मास्तरनं न्हाई तोडलं."

पकडीनं तार कट् करून तुटली. चाचांनी टाकीत रबरी नळी सोडली, तोंडानं ओढली, तोंडभर डिझेल आलं ते थुंकलं, आणि नळी आबांच्या बादलीत सोडली. मातीवर पडलेल्या त्या थुंकीच्या डागाकडं बघून मात्र ते चुकचुकले. "तेवढं गेलं."

इंजिन धडधडलं. पाणी पाटानं पळालं आणि बाया वाफ्यावाफ्यानं दारं मोडत पुढं सरकल्या. मी पहिली बादली संपताना चाचांच्या कानाला लागलो. "आता थांबवू. टाकीत परतीपुरतं आहे अजून. तुम्ही नेलीत तर पोचेल. सील काय, शेठना समजावून सांगू."

"आन् खालची रोपं?"

"अर्धं रान तर भिजलं..."

"आर्ध्या चढावर वॅगन सोडून देतो का कुनी?" ते म्हणाले आणि दुसरी बादली भरायला लागले. त्या बादलीत गाडी जात होती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बादली ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही.

शेवटचा वाफा भिजला तेव्हा दुपार कलली होती. चाचांनी डिझेल मापायची वेताची काठी टाकीत बुडवून बघितली. तळाशी चुळकाभर डिझेल. चौफुल्यापर्यंतही जाणार नव्हतं.

आबा बांधावरून उठून आले. पटका काढून हातात घेतला. "चाचा, गाडी जानार कशी?"

"बगू. ढकलत नेऊ."

"ढकलता कशाला? माझी बैलं सकाळधरनं बसून हायेत. त्येंचं काम तुमच्या इंजनानं क्येलं. आता तुमच्या इंजनाचं काम त्येंनी करावं. आन् ते विहिरीवरचं ऱ्हाऊ द्या हितंच. म्या येतो तुमच्यासंगट दौंडाला."

मी घाईनं विचारलं, "म्हणजे आबा, पटलं?"

"ते तुमच्या शेठला सांगतो."

अशी आमची वरात निघाली. पुढं बैलांच्या दोन जोड्या, मग गाडी, मग रिकामी वॅगन. हातात कासरा आबांच्या, चाकावर चाचा, मागं आम्ही. मला वाटलं होतं, म्हातारा मोडून पडेल. पण चाचांनी सवय सोडली नाही. चढ आला की आम्हा दोघांना उतरवायचं आणि स्वतःही खाली उतरून, खिडकीतून एक हात चाकावर ठेवून, दुसऱ्यानं ढकलायचं. उतार आला की बैलं सोडायची, गाडी घरंगळू द्यायची आणि खाली पोचून बैलांची वाट बघायची. "त्येंला बी कशाला दमवायचं?" चौफुल्याला मुक्काम केला. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय झालं वं गाडीला?" आणि चाचा उत्तर द्यायचे, "गाडीला काय झालं न्हाई."

केडगावच्या पुढं मेहुणे माझ्या शेजारी चालत म्हणाले, "मास्तर, मला खोटं बोलता येत नाही हो. लहानपणापासून येत नाही." मी म्हणालो, "चाचांनाही येत नाही. म्हणूनच भीती."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दौंडात शिरलो. दुकानापुढं हा गर्दी. शेठ पायरीवर आले. त्यांनी बैलं बघितली, रिकामी वॅगन बघितली, तुटलेली तार बघितली. "काय हे?"

मेहुण्यांनी घसा खाकरला. "सील तुटलं, दाजी. पण टाकीत अजून शिल्लक आहे. थोडं. पण आहे."

शेठनी काठी बुडवली. खरंच ओली निघाली. "म्हणजे? तेवढ्यात जाऊन परत आले?"

मी जीव मुठीत धरून चाचांकडं बघितलं. नुसतं गप्प राहायचं होतं. बाकी सगळं काठीनंच सांगितलं असतं.

"न्हाई शेठ," चाचा म्हणाले. "आपन नापास. परतीला थेंब बी जाळला न्हाई. बैलांनी वढली." त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढून गादीवर ठेवली. ठेवल्यावर हात रिकामा झाला, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. तो त्यांनी मागं नेऊन दुसऱ्या हातात धरला.

शेठ किल्लीकडं बघतच नव्हते. ते बैलांकडं बघत होते. "थेंबही नाही?" त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "अहो, मग हे छानच झालं! गाडी विकायची आणि बैलजोडी घ्यायची. कडबा काय, कुठंही मिळतो. मास्तर, ट्रेलरला जू बसवून मिळतं का बघा!"

डिझेल वाचवा म्हणून जन्मभर सांगितलं, आणि आता तेच चाचांच्या अंगावर उलटलं.

"शेठ," आबा बैलांच्या मधून पुढं आले, "येक इचारू? तुमी इंजनं इकता न्हवं?"

"हो. का?"

"आन् ती बैलावर लादून गावात आननार?" आबांनी गर्दीकडं वळून बघितलं. "आरं, बैलानं वढत आनल्यालं इंजन इकत कोन घील? म्या मोट सोडून इंजन घ्यायला आलो, आन् हे इंजन सोडून बैल घ्याया निघालं! मग माझीच बैलं ठिवून घ्या की, म्या हितनंच म्हागारी जातो."

पायरीपाशी जमलेली माणसं अशी हसली की बैल बुजले. मेहुण्यांना हसू आवरेना. ते तोंडावर उपरणं धरून आत पळाले. शेठ लाल झाले.

"घेताय? इंजिन?" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"घ्येतलं. विहिरीवर बसलंय ते बसलं. ह्या म्हाताऱ्यानं सोताच्या गाडीचं डिझेल माझ्या रानात वतलं, त्याच्यावर म्या काय पटायचं ठिवू? पर येक हाय. इंजन बिगाडलं तर ह्या मास्तराला धाडू नगा. चाचाला धाडा. आन् चालत न्हाई, त्याच्या गाडीतनं."

गादीवरची किल्ली शेठनी बोटानं चाचांच्या दिशेनं सरकवली आणि दुसरीकडं बघत मला म्हणाले, "मास्तर, बघताय काय? टाकी भरा. पूर्ण."

चाचांनी किल्ली उचलली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी रुमालानं टिपलं, आणि लगेच माझा हात धरला.

"पूर्ण नगं, शेठ," ते म्हणाले. "आर्धी भरा. भरल्या टाकीचं वजन वढायला निराळं डिझेल लागतं."